दिवस मागणारा माणूस

हातिसकरांनी माझ्या नावापुढे सात वर्षांत एकोणीस लाल फुल्या मारल्या. एक फुली म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा गेली. त्यांतल्या चार तरी वाटेत बंद पडलेल्या एस.टी.मुळे होत्या, दोन माझ्या धाकटीच्या तापामुळे आणि एक तर मी गेटच्या आत पाऊल टाकून छत्री मिटत उभी असताना मारलेली. "छत्री मिटून मग सही करताय. मी सहीची वेळ धरतो," असं ते म्हणाले होते. त्या दिवशी घरी जाऊन मी त्यांच्या नावाने जे काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत आमचा आंब्याचा रस डबाबंद करायचा कारखाना होता. मी ऑफिसात टायपिस्ट होते. दामोदर हातिसकर टाइमकीपर. गेटजवळच्या खोपटाएवढ्या खोलीत एक उंच टेबल, त्यावर हजेरीपट, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाखाली हातिसकर. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. कुवारबावहून सायकलने यायचे. सकाळी सातच्या बातम्यांच्या ठोक्यावर आपलं मनगटी घड्याळ लावायचे आणि गेटवर आले की त्याच्याशी भिंतीवरचं जुळवायचे. कुणी म्हटलं, "काका, तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे," की ठरलेलं उत्तर यायचं, "घड्याळ माझं नाही, कंपनीचं आहे." आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत निळं पेन. सहाव्या मिनिटाला निळ्याला टोपण लागायचं आणि लाल उघडायचं. ते टोपण लावल्याचा 'टक्' आवाज मला अजूनही कधी कधी ऐकू येतो.

कायम नोकरीतली आम्ही साठेक माणसं. प्रत्येकाच्या किती रजा शिल्लक, हे त्यांना तोंडपाठ. चालता चालता साहेबांनी विचारलं, "भाटकरच्या किती?" तर वर न बघता सांगायचे, "नऊ." आणि कोकणात रजेचा दिवस म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. शिमगा आणि गणपती, या दोन सणांसाठी माणूस वर्षभर दिवस साठवतो. तापाने फणफणत कामावर येईल, पण गणपतीचा दिवस मोडणार नाही. त्या साठ्यातला अर्धा दिवस हातिसकर एका फुलीने उडवायचे. लोक त्यांना का टाळत, ते यावरून कळावं. मधल्या सुट्टीत ते एकटेच जेवत. घरी एक विधवा बहीण होती, आक्का. लग्न केलं नव्हतं. स्वतः ते गणपतीचे दीड दिवस सोडले तर रजा घ्यायचे नाहीत.

सगळ्यांत जास्त वैर होतं ते शिर्क्याचं. प्रकाश शिर्के डबे सील करायच्या मशीनवर होता, राहणारा सावर्ड्याचा. त्याचे वडील गेल्याची खबर आली तेव्हा तो दुपारी तसाच, कुणाला न सांगता, गेटबाहेर पडला. बारा दिवसांनी आला तो अर्ज घेऊन. हातिसकरांनी अर्ज घेतला, अकरा दिवस रजा मांडली आणि पहिला दिवस मांडला 'विनापरवाना गैरहजर'. शिर्क्याने हजेरीपट उचलून अंगणात भिरकावला होता. हातिसकर खाली उतरले, पट उचलला, रुमालाने माती पुसली आणि जागेवर ठेवला. नोंद तशीच राहिली. त्यानंतर चार वर्षं शिर्के सही करायचा, पण त्यांच्याकडे बघायचा नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत आमच्या शैला तोडणकरच्या हातांवर काळेनिळे डाग उठायला लागले. शैला निवडीच्या टेबलाची मुकादम. आंबा हातात घेऊन न दाबता सांगायची, "हा उद्याचा, हा परवाचा." आवाज एवढा मोठा की मशीन चालू असतानाही ऑफिसात ऐकू यायचा. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले नऊ महिने समुद्रात. घरी नववीतली मुलगी स्वाती आणि म्हातारी सासू. डागांपाठोपाठ ताप आला, ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथून निरोप आला तो रक्ताच्या कर्करोगाचा. औषधाला गुण येईल असं डॉक्टर म्हणत होते, पण आठ-नऊ महिने मुंबईतच काढावे लागणार होते.

उपचाराचा खर्च आमची कंपनी उचलायची. कायम माणसाच्या मोठ्या आजारासाठी तशी योजनाच होती. पण नाव हजेरीपटावर असेपर्यंतच. शिल्लक रजा संपली आणि माणूस कामावर नाही, तर नाव कमी. नाव कमी झालं की मदत बंद. आम्ही सगळे हळहळत होतो, नवस बोलत होतो. हे रजेचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

एका दुपारी हातिसकर माझ्या टेबलापाशी आले. सात वर्षांत पहिल्यांदा.

"साळवीबाई, एक पत्र टाइप करायचं आहे. माझं, खासगी. मधल्या सुट्टीत करा, कंपनीच्या वेळात नको."

पत्र चार ओळींचं होतं. शैला तोडणकर यांची रजा शिमग्याआधी संपते. माझ्या नावावर साठलेले एकशे बारा दिवस त्यांच्या नावे करावेत. मी मान वर करून बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"असं करता येतं?" मी विचारलं.

"नियमात नाही. पण करू नये असंही नाही. मी तीनदा वाचलं."

आमचे मॅनेजर देवस्थळी साहेब माणूस चांगला, पण मुंबईच्या ऑफिसला फार भिणारा. त्यांनी ते पत्र चार दिवस खणात ठेवलं. पाचव्या दिवशी हातिसकर जाऊन त्यांच्यासमोर नुसते उभे राहिले. साहेबांनी पत्र मुंबईला पाठवलं. आठवड्याने फॅक्स आला. परवानगी होती, पण अटींसकट. एका माणसाने जास्तीत जास्त सात दिवस द्यावेत. प्रत्येक दिवसाची वेगळी चिठ्ठी, तिच्यावर देणाऱ्याच्या हातची तारीख आणि सही, एकदा घातलेली तारीख बदलायची नाही, आणि ती चिठ्ठी त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फायलीत असली पाहिजे. कामाचा एक जरी दिवस चिठ्ठीविना गेला, तर त्याच दिवसापासून नाव कमी.

हातिसकरांनी तो कागद दोनदा वाचला. "एकशे बारांतले सातच," ते म्हणाले. मग कागदाची घडी घालत स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "म्हणजे माणसं हवीत."

आणि इथेच पंचाईत होती. ज्या माणसाशी कुणी धड बोलत नव्हतं, त्याला आता साठ माणसांपुढे हात पसरायचा होता. दुसऱ्या कुणी हे काम घेतलं असतं तर सोपं गेलं असतं. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "चिठ्ठ्यांचा हिशेब चुकला तर बाई मरेल. मी चुकत नाही." यात फुशारकी नव्हती. खरंच चुकत नसत.

मागता मात्र येत नव्हतं. मधल्या सुट्टीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन जायचे आणि जेवत बसलेल्या माणसापुढे उभे राहून म्हणायचे, "तुमचे अकरा शिल्लक आहेत. त्यातले किती?" बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. पुरुष सोडायचे नाहीत. "काका, गेल्या पावसात अडीच दिवस कापलेत माझे. ते लावा की तिच्या नावावर!" कुणी म्हणायचा, "माझी फुली पुसा, दिवस घ्या." पॅकिंगमधली नाचणकरीण तर तोंडावर बोलली, "आमच्याकडे भीक मागायला आलात ना शेवटी?" हातिसकर ऐकून घेत. उत्तर एकच, "फुली पुसता येणार नाही. दिवस द्यायचा असेल तर इथे सही." नाचणकरणीने एवढं बोलून तीन दिवस दिले. बहुतेकांनी दिलेच. शैला होतीच तशी. पण देताना प्रत्येकाने आपलं काही ना काही वसूल केलं, आणि ते त्या माणसाने उन्हातान्हात, आंब्याच्या ऐन हंगामात, रोज थोडं थोडं ऐकलं.

शिर्क्याकडे ते एकदाच गेले. शिर्के ताटावरून उठून निघून गेला.

शिमगा गेला. आंबा आला, गेला. शैलाकडून पंधरा दिवसांनी एखादं पोस्टकार्ड यायचं, स्वातीने लिहिलेलं. नववीची परीक्षा झाल्यावर ती आईपाशी जाऊन राहिली होती. केस गेले, तोंड आलंय, पण डॉक्टर बरं म्हणतात. हातिसकर ते कार्ड हजेरीपटात ठेवत. त्यांच्या टेबलावर एक वेगळी वही आली होती. तीत पुढच्या प्रत्येक दिवसापुढे ज्याची चिठ्ठी त्याचं नाव लिहिलेलं असायचं. कधी पुढचे वीस दिवस भरलेले असायचे, कधी चारच. चार उरले की ते जेवायचे नाहीत, डबा तसाच परत न्यायचे. हे मला गेटवरच्या रखवालदाराने सांगितलं.

पावसाळ्यात कारखान्यात काम नसे. निम्मी माणसं आळीपाळीने घरी बसवत. गणपतीला पंधरा-वीस दिवस होते, आणि अशा एका गुरुवारी सकाळी दहाला मुंबईहून फॅक्स आला. आमचा भाटकर आखातात नोकरी मिळाली म्हणून परस्पर मुंबईच्या ऑफिसात राजीनामा देऊन आला होता. राजीनामा कालपासून मंजूर. त्याच्या सर्व रजा रद्द.

मी कागद घेऊन गेटवर गेले. हातिसकरांनी वाचला आणि वही उघडली. त्या गुरुवारपुढे भाटकरचं नाव होतं.

"आजचा दिवस रिकामा झाला," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण हातातलं पेन त्यांनी दोनदा खिशात घातलं आणि दोनदा काढलं.

कामावर त्या दिवशी बावीस माणसं होती. कुणाचे सात पुरे झाले होते, कुणाची शिल्लक शून्य. हातिसकरांनी यादी न बघता घरी बसलेल्यांतली चार नावं सांगितली, ज्यांच्याकडे दिवस होते आणि ज्यांचे सात भरले नव्हते. एक मुंबईला गेलेला. एक दापोलीच्या पलीकडचा, संध्याकाळपर्यंत जाऊन येणं शक्य नाही. एक गुहागरला खाडीपलीकडे. चौथा शिर्के.

देवस्थळी साहेबांनी दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच होतो.

"हातिसकर, एवढं काय त्यात? सोमवारी कोणीतरी येईल, त्याच्याकडून चिठ्ठी घेऊ. तारीख आजची टाकू. कोण बघायला येतंय?"

"नाही साहेब."

"अहो, बाईच्या जिवाचा प्रश्न आहे!"

मीही बोलले. खूप बोलले. एवढे महिने केलंत आणि आता एका तारखेसाठी तिला मारणार का, असंही म्हणाले. मला त्या क्षणी तो माणूस दगडाचा वाटला.

हातिसकर माझ्याकडे वळले. "बाई, मला खोटं बोलता येत नाही. साधं कुणी विचारलं, ही सही कधी झाली, तर माझं तोंड बघूनच त्याला कळेल. मग एका चिठ्ठीपायी बाकीच्या दीडशे चिठ्ठ्यांवर संशय. सगळंच जाईल." घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेदहा झाले. साहेब, मला सावर्ड्याला जाऊ द्या. आणि या साळवीबाईंना बरोबर द्या. एकट्याला बघून तो दार लावून घेईल."

कंपनीची जीप सुट्या भागांसाठी कोल्हापूरला गेली होती. आम्ही कुवारबावला चिपळूणची एस.टी. धरली. दोन तास ते खिडकीशी बसून होते. मी रागात होते. संगमेश्वर गेल्यावर एवढंच म्हणाले, "तो नाही म्हणाला तर रडू नका. वेळ जातो."

सावर्ड्याला उतरून शिर्क्याच्या वाडीपर्यंत वीस मिनिटं चाल होती. पाऊस झिमझिमत होता. शिर्के पडवीत शिडीवर चढून भिंतीला चुना देत होता, गणपतीसाठी. त्याची आई खाली बसून विळीवर भाजी चिरत होती. आम्हाला बघून त्याचा हात थांबला, पण तो खाली उतरला नाही.

"कशाला आलाव?"

मी सगळं सांगितलं. भाटकरचा राजीनामा, आजचा दिवस, पाचची वेळ. तो ऐकत होता माझं, पण बघत होता हातिसकरांकडे.

"माझा बापूस गेला त्या दिवशी मला गैरहजर मांडलात तुमी. आता माझ्याच दारात येऊन माझा दिवस मागताव?"

"मांडला," हातिसकर म्हणाले. "आजही मांडीन."

मला वाटलं, संपलं. शिर्के शिडीवरून उतरला. हातातला कुंचला बादलीत आपटला तसे चुन्याचे शिंतोडे हातिसकरांच्या शर्टावर उडाले. ते हलले नाहीत.

"दोन ओळींची चिठ्ठी कुणाच्याही हाती पाठवली असतीत, तर मांडला नसता," ते म्हणाले. "तुम्हाला त्या दिवशी ते सुचणार नव्हतं. मला सुचायला हवं होतं. गेटवरून कुणाला तरी तुमच्यामागे स्टँडवर धाडून सही आणवता आली असती. ते मी केलं नाही. ती माझी चूक. चार वर्षं मला ती माहीत आहे. नोंद बरोबर होती, मी चुकलो."

शिर्क्याने पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या आईने विळी बाजूला सारली. घरात कुठेतरी घड्याळाची टिकटिक चालू होती. पावणेदोन. दोनला पाच. अडीचची गाडी चुकली असती तर पुढची चारची. मला हातिसकरांचं सांगणं आठवत होतं, म्हणून रडत नव्हते एवढंच.

शेवटी आई म्हणाली, "परकाश, त्या बाईचं पोर अजून साळंत हाय म्हणतात."

"मला म्हायत हाय," तो ओरडला. मग माझ्याकडे वळला. "शैलाबाईसाठी मी कधीच दिले असते. सातच्या सात. पण ह्यांच्या हातात सही द्यायची नव्हती मला. कळलं? आणा इकडे."

सात चिठ्ठ्यांवर त्याने पडवीच्या कठड्यावर टेकून सह्या केल्या. बोटांचा चुना प्रत्येक कागदाला लागला. चिठ्ठ्या त्याने माझ्या हातात दिल्या. हातिसकर दोन हात अंतरावर उभे होते, त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. आम्ही निघालो तेव्हा पाठीमागून आई म्हणत होती, "च्या तरी घेऊन जावा," आणि हातिसकर तिला नमस्कार करून जवळजवळ धावत सुटले होते.

अडीचची गाडी मिळाली. निवळीच्या घाटात ती थांबली. पुढे झाड पडलं होतं, ट्रकांची रांग लागलेली. चार वाजत आले होते. दहा मिनिटं वाट बघून हातिसकर उठले. "चला." त्या चिखलात, ट्रकांच्या कडेकडेने, आम्ही झाडापर्यंत चालत गेलो, फांद्यांखालून वाकून पलीकडे गेलो. ते तेव्हा चौपन्न-पंचावन्नचे असतील. धाप लागली होती, पण चिठ्ठ्यांची पिशवी शर्टाच्या आत छातीशी धरलेली. पलीकडे मासळीचा एक टेम्पो वळून परत निघाला होता. त्याच्यापुढे ते आडवेच उभे राहिले. बर्फाच्या पेट्यांना टेकून आम्ही हातखंब्याला आलो, तिथून रिक्षाने एमआयडीसी. गेटवरचं घड्याळ पाचला सात मिनिटं दाखवत होतं. त्यांनी चिठ्ठी फायलीला लावली, वहीत भाटकरचं नाव खोडून शिर्क्याचं लिहिलं, आणि माठापाशी जाऊन लागोपाठ तीन भांडी पाणी प्यायले.

मग माझ्याकडे आले. मला वाटलं, काहीतरी बोलतील.

"साळवीबाई, सकाळी बाहेर जाताना तुमचा गेटपास राहिला. तेवढा भरून द्या."

मी भरून दिला. करणार काय?

गणपती होऊन गेल्यावर मुंबईहून तपासणीला एक साहेब आले. शैलाचा खर्च वाढत चालला होता आणि वरच्यांना ती योजना गळ्याशी आल्यासारखी झाली होती, हे देवस्थळी साहेबांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पाहुण्यांनी फाइल मागवली, एक फूटपट्टी मागवली, आणि पट्टी एकेका चिठ्ठीखाली धरून तारीख, सही, शिल्लक असं तपासायला सुरुवात केली. अकराला बसले ते दुपारी दोनपर्यंत. हातिसकर समोर उभे. त्यांना बसा म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या गुरुवारच्या चिठ्ठीपाशी पट्टी थांबली.

"हा शिर्के त्या दिवशी कामावर नव्हता. सही कुठे झाली?"

"त्याच्या घरी. सावर्ड्याला. आम्ही गेलो होतो."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. पाचला सात मिनिटं असताना लावली."

"हे पांढरं काय आहे?"

"चुना. घर रंगवत होता तो."

साहेबांनी त्यांना बाहेर पाठवलं आणि मला आत बोलावलं. मला तेच प्रश्न विचारले. सांगायला सोपं होतं. जे झालं तेवढंच सांगायचं होतं. गेटपाससुद्धा मागवला. त्यावर जायची आणि यायची वेळ होती, माझ्याच अक्षरात. साहेबांनी फाइल मिटली, फूटपट्टी तिच्यावर आडवी ठेवली आणि देवस्थळींना म्हणाले, "चालू ठेवा."

बाहेर हातिसकर भिंतीला टेकून उभे होते. मी नुसती 'हो' म्हणून मान हलवली. ते तसेच घसरत खाली बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं पहिल्यांदाच बघितलं.

शैला परत आली ती पुढच्या आंब्याआधी. डोक्याला स्कार्फ, आवाज निम्मा झालेला. कामावर हजर होण्याचा डॉक्टरांचा कागद तिने गेटवर दिला. हातिसकरांनी तो वाचला, पट तिच्याकडे फिरवला आणि सहीसाठी आपलं निळं पेन पुढे केलं. सगळे गोळा झाले होते. ती सही करता करता रडायला लागली तेव्हा ते म्हणाले, "कागद ओला होईल गो." दोन महिन्यांनी ती बारा मिनिटं उशिरा आली, त्यांनी फुली मारली, आणि गेटवर जो आरडाओरडा झाला त्यात सगळ्यांत मोठा आवाज शैलाचा होता. ती हातिसकरांच्या बाजूने भांडत होती. त्या दिवशी आम्हाला कळलं, तिचा आवाज परत आला.

चौदा चिठ्ठ्या उरल्या होत्या. हातिसकरांनी त्या ज्याच्या त्याला हातोहात परत केल्या, पोच घेऊन. लोक म्हणत होते, राहू द्या, पुढे कुणाला लागतील. ते म्हणाले, "मी शैलाबाईंसाठी मागितले होते." शिर्क्याच्या सहा उरलेल्या त्यांनी माझ्याकडे दिल्या. "माझ्या हातून घेणार नाही तो." शिर्क्याने माझ्याकडून घेतल्या, मोजल्या आणि खिशात घातल्या. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत झालं नाही. पण सकाळी सही केल्यावर शिर्के आता पेन त्यांच्या हातात द्यायला लागला होता. आधी टेबलावर टाकून जायचा.

हातिसकर निवृत्त झाले, मग कारखानाही विकला गेला. आम्ही पांगलो. त्यांना मी शेवटचं बघितलं ते दोन हजार सातमध्ये, स्वातीच्या लग्नात. शैलाला भाऊ नव्हता. मुलीला बोहल्यावर आणायला मामा हवा, तर तिने हातिसकरांना बोलावलं होतं. "नात्यात बसत नाही," असं त्यांनी दोनदा कळवलं म्हणे. तिसऱ्यांदा ती स्वतः कुवारबावला गेली आणि आक्कांसमोर बसून राहिली.

कोऱ्या धोतरात ते अवघडले होते. स्वातीचा हात धरून तिला आणलं, पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, माणसं पंगतीकडे वळली. मी चपला शोधत दारापाशी आले तर ते तिथे एकटेच उभे, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"काय झालं हो?" मी विचारलं.

त्यांनी मूठ उघडून बघितली. अक्षता तशाच होत्या, घामाने हाताला चिकटलेल्या. टाकायच्या राहूनच गेल्या होत्या.

ते क्षणभर गोंधळले. मग वळले आणि गर्दीतून वाट काढत परत आत गेले. फोटोसाठी बसलेल्या जोडप्यापाशी वाकून त्यांनी त्या स्वातीच्या डोक्यावर टाकल्या. हाताला चार दाणे चिकटून राहिले होते. शेजारी शैला उभी होती, पांढऱ्या होत आलेल्या दाट केसांत अबोलीची वेणी माळून. ते चार दाणे त्यांनी बोटाने सोडवले आणि तिच्या डोक्यावर ठेवले.